कान तुटलेला कप

आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मंदाबाईंचा कान तुटलेला कप मोरीच्या खिडकीत वेगळा असतो. आज मी त्यात चहा ओतून घेतला, तर आई दचकून म्हणाली, "अगं, तो मंदाबाईंचा आहे."

ऑस्ट्रेलियात वर्षभर भटकले, तेव्हा पोटासाठी एका लॉजचे संडास घासत होते. काम झालं की मालकीण घरातल्याच कपात चहा द्यायची आणि शेजारी बसून प्यायची. पहिल्या दिवशी तो कप मी विसळून दाराबाहेर ठेवला. तिला काही कळेना.

आई पाहुण्यांना सांगते, मुलगी तिकडे हॉटेलात होती.

दोन घोटांनंतर मी कप खाली ठेवला. किळस कपाची नव्हती. सातवीत असताना तो खिडकीत मीच नेऊन ठेवला होता, कुणी न सांगता.