पांढरा सोडलेला बोर्ड

शेजारच्या एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली, तेव्हा मी बारामतीतल्या आमच्या टपरीत एका रसवंतीच्या बोर्डावरच्या अक्षरांना सावली देत होतो. सुरेशची मोटारसायकल एमआयडीसीच्या वळणावर घसरली होती... सगळं तिथंच संपलं होतं. त्याला आता महिना झाला.

आम्ही दोघं पेंटर, भागीदार. गिऱ्हाईक म्हणायचं, अक्षर उठून दिसलं पाहिजे, सावली द्या, कडेला गुलाब काढा. दोघांनाही त्याचा वीट आला होता, पण त्यातून सुटायचं कसं यावर रोज जुंपायची. मला सपाट रंग आवडायचे. सावली नाही, उठाव नाही, पण बोर्ड लाल-पिवळ्यानं काठोकाठ भरलेला. सुरेशला मधोमध एक बारीक शब्द हवा आणि भोवती नुसता पांढरा. मी चिडवायचो, "बोर्ड अर्धा टाकून पळालास का रे?" तो म्हणायचा, "तुझं सपाट हाय, पर गच्च हाय. गावी लासुर्ण्यात एका खोलीत आमी सगळी, हितं टपरीत तू नि मी. बोर्डावर तरी मोकळं नको व्हय?"

तशी संधी एकदाच आली. लासुर्ण्यात नवा विहार बांधला आणि बोर्डाचं काम त्याच्याकडं आलं. पांढऱ्यावर लहानसं निळं 'बुद्धविहार', बस्स. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. आठवड्याभरात त्याचे वडील, तात्या, टपरीत आले. "एवढी जागा पडून हाय. देणगीदारांची नावं बसतील की. लोकांनी पदरचं दिलंय, सुरेश." बापाला नाही कसं म्हणणार? सगळी नावं त्यानंच लिहिली, सावलीसकट. त्यानंतर तो माझ्याशी भांडला नाही. गिऱ्हाईक सांगेल ते मुकाट रंगवायचा. त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

सुरेशच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाचा बोर्ड मी केला. पांढऱ्यावर बारीक निळं 'सुरेश'. तात्या बघायला आले. "खाली शोकाकुल म्हणून पाव्हण्यांची नावं ऱ्हायली की."

"जागा न्हाय, तात्या. बोर्ड भरलाय."

तात्यांनी पांढऱ्यावरून हळूच हात फिरवला... रंग पुरता वाळला नव्हता.

तो बोर्ड आता टपरीत टांगलाय. तात्यांची बोटं उमटलीत, ती मी पुसली नाहीत. गिऱ्हाईक विचारतं, "ह्यो अर्धाच ऱ्हायला व्हय?" मी "न्हाय" म्हणतो आणि गिऱ्हाइकाच्या बोर्डावर गुलाब काढायला घेतो.