खो मिळायच्या आधी

केनवडची नीलिमा भित्री म्हणजे किती भित्री, तर शाळेत हजेरी सुरू असताना आपलं नाव यायच्या आधीच "हजर" म्हणून मोकळी व्हायची. नाव पुकारलं आणि आपल्याला ऐकूच आलं नाही तर काय, ही धास्ती. एसटीत बसली की गाव यायच्या दोन थांबे आधीच दाराशी जाऊन उभी. कंडक्टर वैतागायचा, "बस नं खाली पोरी, गाव कुठी पळून नाही जाऊन राह्यलं." अशी पोरगी रिसोडच्या कॉलेजात गेली आणि खो-खोच्या टीममध्ये निवडली गेली, तेव्हा तिची माय भागिरथासुद्धा चाट पडली. पण पोरगी पळायची मात्र वाऱ्यासारखी. भिऊन भिऊनच पाय एवढे चपळ झाले असतील, दुसरं काय.

आता खो-खोची गंमत अशी, की आठ जणी ओळीनं चौकात बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, आणि नववी पाठलाग करते. तिनं मागून येऊन पाठीवर हात मारला आणि "खो" म्हटलं की मगच उठायचं. मागं वळून बघायचं नाही, आधी उठायचं नाही. नुसतं बसून वाट बघायची. म्हणजे या पोरीच्या जिवाला जे सगळ्यात जड, नेमकं तेच.

वाशीमला कॉलेजांच्या स्पर्धा लागल्या. बारा जणींतल्या दोघी परीक्षेपायी आल्या नाहीत, एकीचा पाय सकाळी घरीच मुरगळला, तरी उरलेल्या नऊ जणींवर रिसोडच्या पोरी सेमीफायनलपर्यंत पोचल्या. तिथं शेवटच्या मिनिटाला एका गुणानं मागं होत्या. पाठलागावर कॅप्टन रूपाली, आणि समोरची धावणारी पोरगी अगदी नीलिमाच्या पुढ्यात. नीलिमाला पाठीमागं पावलं ऐकू आली. आला खो, आला, असं वाटून ती उठली, झेपावली आणि त्या पोरीला शिवलीसुद्धा. पंचांची शिट्टी वाजली. खो मिळायच्या आधी उठली म्हणून फाऊल. ती पोरगी नाबाद, आणि पुन्हा पाठलाग सुरू होईस्तोवर वेळ संपली.

सामना गेला. नीलिमा पाण्याच्या टाकीवर तोंड धुवायला गेली, तर टाकीच्या पलीकडून रूपालीचा आवाज आला. ती कुणाला तरी सांगत होती, "आता मी मेली तरी त्या नीलीले खो देनार नाही."

सेमीफायनल हरलेल्या दोन टीमांचा तिसऱ्या नंबरासाठी दुपारी सामना होता. नीलिमाच्या डोळ्यांपुढं तो उभाच राहिला. आपण चौकात बसलोय, रूपाली येतेय आणि दर वेळी आपल्याला टाळून पुढं जातेय. सगळं मैदान बघतंय. यापेक्षा दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं बॅग उचलली आणि कुणाला न सांगता रस्ता धरला.

नाक्यावर रिसोडला जाणारी जीप उभी होती. ड्रायव्हर मदनसिंग गाडी भरल्याशिवाय हलणाऱ्यांतला नव्हता. नीलिमा मागं कोपऱ्यात अंग चोरून बसली. कुणी शोधायला आलं तर काय, आणि कुणीच आलं नाही तर काय, दोन्हीची भीती.

मदनसिंगनं आरशातून तिचा टीमचा टी-शर्ट पाहिला. "खेळाले आलती का वं? बाकीच्या पोरी कुठी हायेत?"

"मैदानावर."

"मंग बलाव नं त्याइले. गाडी भरून जाईन माही. किती जनी हायेत?"

"नऊ," ती म्हणाली, आणि जीभ चावली. "आठ."

"नऊ का आठ? येवढं तं सांगता येते नं, कॉलेजात जातं तं."

आठ. तिनं पुन्हा मनाशी मोजलं. बदली खेळाडू एकही नव्हती. ती इथं जीपमध्ये बसली, तर त्या आठ जणींना कुणी मैदानात उतरूसुद्धा देणार नव्हतं. सकाळी ती चुकली होती, ते भिऊन. आता मात्र ती सगळ्यांचा खेळच घेऊन पळाली होती. तिनं बॅग ओढली आणि उतरली. "अवं, मोजाले लावलं म्हून राग आला का?" मदनसिंग मागून म्हणत राहिला.

ती मैदानावर पोचली तेव्हा पंच टीमला बोलावत होते. रूपालीनं तिच्याकडं पाहिलं आणि नुसतं चौथ्या चौकाकडं बोट केलं.

नीलिमा बसली. पाठीमागून पावलं आली आणि पुढं गेली, खो पुढच्या पोरीला मिळाला. पुन्हा आली, पुन्हा गेली. उठून पळून जावं असं तिच्या पायांना वाटत होतं, म्हणून तिनं दोन्ही हातांनी माती धरून ठेवली. बसून राहिली. नाही दिला खो तर नाही दिला, आपण चौक सोडायचा नाही, एवढंच ती मनाशी घोकत होती.

पावलं पुन्हा आली आणि तिच्या मागं थांबली. तरी ती हलली नाही. मग पाठीवर हात पडला.

"खो."

तेव्हा उठली. आणि सुटली ती वाऱ्यासारखी.

तोही सामना त्या हारल्या, चांगल्या चार गुणांनी. नीलिमानं एकीला बाद केलं, पण त्यानं काय होणार होतं. पोरी बुटांतली माती झटकत बसल्या. रूपाली येऊन तिच्या शेजारी टेकली. बुटाची नाडी सोडू लागली.

"कुठी गेली व्हती तू?" तिनं खाली मान घालूनच विचारलं.

नीलिमाला खोटं सुचेना. "जीपमंदी बसली व्हती. घरी चालली व्हती."

"मले वाटलंच. टाकीपाशी बोलली मी, तं तू आयकलं असंन." रूपालीनं दुसऱ्या बुटाला हात घातला. "तुयी बॅग दिसली नाही, अन् मले भेवच वाटलं. म्हटलं, आता काय करू मी."

जन्मभर नीलिमा सगळ्यांना भ्यायली होती. आपण नसलो तर कुणाला भीती वाटेल, हे तिच्या कधी ध्यानीमनीही नव्हतं.