ताईची पाठराखीण

नवरी होणं एवढं एक सोडलं, तर लग्नघरातलं असं एकही काम नसेल जे आमच्या आजोबांनी केलं नाही. मांडव घातला, चुलाणं खणली, वडे तळले, रुसलेल्या व्याह्यांना समजूत काढून पंगतीला आणून बसवलं, आणि एकदा भटजींना यायला उशीर झाला तेव्हा ते येईपर्यंत पाटावर बसून जमलेल्या मंडळींना गंभीर चेहऱ्याने भातावरच्या किडीची माहिती देत राहिले. हे सगळं एक वेळ कुणीही करील. पण माझ्या ताईच्या लग्नात ते पाठराखीण म्हणून गेले. नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा तिच्या सोबतीला माहेरची एक बाई जाते, ती पाठराखीण. बाई, हे लक्षात घ्यावं. मिशीवाला, गुडघ्यापर्यंत धोतर नेसणारा, बिडी ओढणारा म्हातारा त्या कामावर गेल्याचं आमच्या जिल्ह्यात तरी माझ्या ऐकिवात नाही.

आजोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी त्यांची आठवण आली की ते बसलेले काही डोळ्यांपुढे येत नाहीत. ते बसतच नसत, आणि दुसरा कुणी बसलेला त्यांना बघवत नसे. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी काम मिळे. मे महिन्यात ओटीवर फोडायच्या रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या लाल फळांची, टोपली असायचीच. पाहुणा टेकला रे टेकला की आजोबा ती त्याच्यापुढे सरकवत आणि म्हणत, "हात मोकळंच हायत ना?" एकदा विम्याचा एक एजंट आला होता, पांढरा सदरा, खिशाला पेन. माणसाच्या आयुष्याचा काही भरवसा नाही, असं तो सांगत होता आणि आजोबा मान डोलवत त्याच्या हातात फोडायला एकेक रातांबा देत होते. संध्याकाळी तो गेला तेव्हा टोपली रिकामी होती, विमा कुणीच उतरवलेला नव्हता आणि सदरा असा लाल झाला होता की वाटेत लोकांनी त्याला नक्की विचारलं असणार, कुठे लागलं म्हणून. गंमत म्हणजे पुढच्या मे महिन्यात तो आपणहून आला. साधा रंगीत शर्ट घालून.

त्यांची माया हीसुद्धा कामातूनच बाहेर पडे. जवळ घेणं, डोक्यावरून हात फिरवणं हे त्यांना जमत नसे. मला एकदा सणसणून ताप भरला. आईने कपाळावर पट्ट्या ठेवल्या, बाबा डॉक्टरांकडे धावले, आणि आजोबांना काही सुचेना म्हणून त्यांनी मी झोपले होते ती खाटच दुरुस्त करायला घेतली. मला वर तसंच ठेवून. खालून ठाकठोक चाललेली, वर मी फणफणलेली. आई ओरडली तेव्हा खाटेखालून आवाज आला, "पोर आजारी हाय, आनि तू मलाच वरडतंस?" मी बरी झाले, खाटही बरी झाली. मी लवकर उठले ती औषधाने की त्या ठोकण्याला कंटाळून, हे मात्र कधी ठरलं नाही.

आणि घरातलं माणूस बाहेरगावी निघालं की आजोबा त्याला पोचवायला निघत. पोचवायला म्हणजे कुठवर, हा प्रश्न त्यांच्या लेखी खुला असे. पाणंदीच्या टोकापर्यंत म्हणून निघालेले स्टॉपपर्यंत येत, स्टॉपपर्यंत आलेले एसटीत चढत. कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती तेव्हा मुंबईच्या काकांना सोडायला ते रत्नागिरी स्टेशनवर गेले. तांदळाचं पोतं बाकाखाली नीट सरकवायला डब्यात चढले, ते नीट सरकेपर्यंत गाडी सुटली. टीसीने तिकीट विचारलं तर म्हणाले, "मी पाशिंजर नाय. मी पोचवायला आलोय."

"कुठपर्यंत?" टीसीने विचारलं.

"ह्याचा जीव थाऱ्यावर येईल तिथवर," आजोबा काकांकडे बोट दाखवून म्हणाले. काका तेव्हा चाळिशीचे होते, एका कंपनीत हेडक्लार्क होते आणि त्यांचा जीव टीसी येईपर्यंत अगदी थाऱ्यावर होता. शेवटी चिपळूणला आजोबांना उतरवण्यात आलं. एसटीने परत आले ते खुशीत होते. डब्यातल्या प्रत्येकाची मुलंबाळं, जमीनजुमला आणि दुखणीखुपणी त्यांना तोवर पाठ झाली होती.

अशा माणसाच्या लाडक्या नातीचं लग्न म्हणजे काय संकट असेल, याची कल्पना यावी. ताई आजोबांचं शेपूट होती. चालायला लागल्यापासून ती त्यांच्यामागे शेतात जायची, तेच सांगायचे तिला विळा कसा धरायचा ते, आणि त्यांच्या ताटात काय, कधी, किती वाढायचं हा अधिकार आजी गेल्यावर ताईने आपणहून घेतला होता. तिच्यासाठी येणाऱ्या स्थळांना आजोबांनी नाना कारणांनी परत पाठवलं. एकाच्या विहिरीला पाणी कमी. एकाची आई फार गोड बोलते. एक मुलगा बाकी सगळा चांगला, पण खळ्यात चपला घालून आला. मग नाटे गावचं स्थळ आलं. मुलाची स्वतःची आंब्याची कलमं होती. पोह्यांच्या बशा फिरत असताना गोठ्यात वासरू सुटलं, तसा तो मुलगा बशी खाली ठेवून उठला आणि कुणी सांगायच्या आत वासरू बांधून आला. आजोबांनी लग्न तिथेच ठरवून टाकलं. ताईला विचारायचं राहिलं होतं, ते आईने मागाहून विचारून घेतलं. ताईने होकार दिला आणि त्याच दिवसापासून आजोबा उगाचच सगळ्यांवर खेकसायला लागले. ताईशिवाय घरात राहायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं, आणि ते बोलून दाखवणं त्यांच्या कुळात नव्हतं.

पाठराखीण म्हणून आत्या जायची होती. लग्नाच्या दिवशी ऐन पाठवणीच्या वेळी ती मांडवात घसरली आणि तिचा पाय टम्म सुजला. माझी दहावीची परीक्षा होती म्हणून मी नाही, आणि नवरीची आई पाठराखीण म्हणून जात नसते. बायकांची खलबतं चालू असताना आजोबा पिशवी घेऊन जीपपाशी उभे राहिले. "मी जातो," म्हणाले.

बाबांनी कपाळाला हात लावला. "अहो बाबा, पाठराखीण बाई असते."

"तिनं काय करायचं असतं? बाय घाबरली तर जवळ असायचं. तेवढं मला येतंय." आणि ते ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. त्यांना उतरवण्याची हिंमत टीसीला झाली होती, आमच्यापैकी कुणाला झाली नाही.

पुढचं भाओजी सांगतात, दर वेळी थोडं वाढवून. ओवाळायला आलेल्या बायकांनी विचारलं, पाठराखीण कुठाय? आजोबा पुढे झाले. ताईच्या सासूबाई मुळात मोजकं बोलणाऱ्या, त्यांचं होतं ते बोलणंही बंद झालं. सवयीने त्यांनी कुंकवाचं बोट पुढे केलं आणि मिशी बघून ते हवेतच थांबलं. आजोबांनी कपाळ खाली केलं. "लावा, देवळात लावतातच की," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका नवरी बघायला आल्या आणि पाठराखीण बघून गेल्या. रिवाजाप्रमाणे पाठराखणीला साडी दिली तीही त्यांनी मान देऊन घेतली, फक्त पदर कसा आहे ते उलगडून बघितलं.

पाठराखीण दोन दिवसांत परत येते. आजोबा आलेच नाहीत. ताईच्या सासरी शेजारच्या दुकानात फोन होता, बाबा तिथे फोन करत. एकदा निरोप मिळाला की आजोबा बागेचा ढासळलेला दगडी गडगा रचताहेत. पुढच्या खेपेला ते विहिरीत उतरले होते. त्यापुढच्या खेपेला माडावर होते. मुलीच्या सासरी असं कुणी राहतं का, म्हणून बाबांना तोंड दाखवायची लाज वाटू लागली, आणि वाडीतले लोक बाबांना विचारू लागले, नवरी नांदायला लागली ते कळलं, पण पाठराखीणही नांदायला लागली काय? आत्याचा पाय बरा होऊन ती आपल्या घरी गेली, तरी आजोबांचा पत्ता नाही. आईची काळजी मात्र वेगळीच होती. पहिल्या निरोपांत ताई मागीलदारी जाऊन रडते असं कळलं होतं. आजोबा तिथे आहेत तोवर पोरीचं मन लागलेलं नाही, एवढाच अर्थ ती काढायची.

आणि एका दुपारी आजोबा एकटेच आले. हातात साडीची पिशवी, अंगणात शिरता शिरता पडलेली झावळ उचलून बाजूला टाकली, पाय धुतले, पानावर बसले. आम्ही सगळे भोवती जमलो. ताई कशी आहे, सासूबाई काय म्हणतात, एकदम निघून कसे आलात. ते जेवत राहिले. मग आईकडे न बघता म्हणाले, "काल तिनं मला विचारलंन, आजोबा, भात वाढू काय?"

बाबा म्हणाले, "मग?"

"हितं कधी विचारलंन नाय. हितं सरळ वाढायची. विचारतात ते पाव्हण्याला." त्यांनी ताटातला उरलेला भात गोळा केला. "आधी सासूला वाढलंन, तिला विचारलंन नाय. मग मला विचारलंन. तवा म्हटलं, बाय तिथली झाली. आता आपलं काय काम हाय?"

एवढा मोठा, कामाचा डोंगर उपसणारा माणूस, आणि त्याला बिनकामाचा ठरवायला नातीचा एक साधा प्रश्न पुरला होता. ती सुखी आहे हे सांगताना त्यांचा आवाज आनंदाचा होता, आणि डोळे पुसायला त्यांनी उपरण्याचं टोक शोधलं ते घाम आला म्हणून.

आई उठली, भाताचं पातेलं घेऊन आली आणि तिने न विचारता त्यांच्या ताटात वाढलं.