माणिकबाईनं पाजलेली रांग

माझी आजी माणिकबाई मोर्शीकडच्या संत्र्यांत नांदायला आली, पण जन्मली वलगावच्या भाजीवाल्यांत. तिच्या माहेरी माणसाच्या चहाआधी मेथीच्या वाफ्याला पाणी. त्यामुळं आयुष्यभर तिला कोणाची तहान बघवली नाही. दारी आलेल्या भिकाऱ्याला ती आधी पाणी द्यायची, मग शिव्या, मग भाकर. अंगणातली तुळस तिच्या मायेनं दरवर्षी कुजायची.

संत्र्याची रीत मात्र उलटी. डिसेंबरात झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल होईस्तोवर त्याला तहानलेलं ठेवायचं. याला ताण देणं म्हणतात. मग जानेवारीत पाणी सोडलं की झाड अंगभर फुलतं. ताणात कोणी पाणी पाजलं तर नुसती पालवी येते, फूल नाही.

आजोबा होते तोवर आजीचं काही चाललं नाही. ते गेले आणि कारभार माझ्या बापाकडे, उत्तमरावाकडे आला. ते दिवस कठीण होते. कापूस लागोपाठ दगा देत होता, आसपासच्या गावांतून नको त्या बातम्या येत होत्या. आमचं सारं वर्ष त्या एका बहारावर टांगलेलं होतं.

फेब्रुवारीत बगीचा पांढरा झाला. वाऱ्याबरोबर वास पार एस.टी. थांब्यापर्यंत जायचा. फक्त घरामागची रांग हिरवीगार उभी, फूल एक नाही. बापानं वाकून पाहिलं, तर खोडाशी भांडी घासल्याची राख आणि तुरीच्या डाळीचे दाणे.

"माय, तू झाडायले पानी पाजलं?"

"तं काय करू? माना टाकून माह्याकडंच पाहून रायले होते."

"अवं, तहानल्याबिगर फूल धरत नाई!"

"तुह्या बापानं मले जलमभर उन्हात वाळवलं. मले कोनतं फूल आलं?"

"मी आलो ना!"

"म्हनूनच आंबट निंघाला."

माझी आई तोंडावर पदर धरून आत पळाली. बाप काही हसला नाही. झाडावरचाच बहार विकत घेणारे व्यापारी इनायतुल्लाभाई दुसऱ्या दिवशी येणार होते.

ते आले आणि नेमके त्या रांगेपाशी थांबले. पान चुरगळून पाहिलं, बुंधा खरवडला.

"उत्तमभाऊ, मुळाले रोग दिसते. आज ही रांग, उद्या सारा बगीचा. मले नाई जमणार."

बापाचा चेहरा उतरला. खरं सांगावं तर घरची अब्रू जाते, न सांगावं तर बहार जातो. तो नुसता रुमालाला पीळ देत राहिला.

तेवढ्यात आजी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"रोग-बीग काई नाई, बापा. तो रोग म्हंजे मी हाओ. रोज भांडे घासून पानी टाकत होतो. घे, तूबी पी, घसा सुकला अशीन."

इनायतुल्लाभाई तांब्या हातात धरून एवढे हसले, की निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. उरलेलं पिऊन म्हणाले, "बगीचा घेतला, भाऊ. पन पुढच्या ताणाले या रोगाचा बंदोबस्त करजा!"

बापानं केला. त्यानंतर आजी होती तोवर डिसेंबर लागला की तिची रवानगी वलगावला, भावाच्या कोबीत. तिलाही ते मानवलं. पहिल्या खेपेला बाप तिला गाडीत बसवून खाली उतरला. गाडी हलली तशी तिनं खिडकीतून मान काढली आणि साऱ्या थांब्याला ऐकू जाईल असं ओरडली,

"उत्तम! कोंबड्यायले पानी देजो रे! त्यायले काई फूल नाई धराचं!"