नवसाचा काळा मेंढा

हर्सूलच्या माळावर मेंढरं चारणाऱ्या केरबाचा पोरगा बन्सी पाकिस्तानच्या जेलात होता. मेंढरांमागं वाढलेलं पोरगं, गुजरातेत होडीवर खलाशी म्हणून गेलं. आता दर्यात कुठं बांध घातलेला असतो व्हय? होडी पल्याड गेली न् पकडली. केरबानं बिरोबाला नवस केला, पोरगं घरी येईल तवाच ह्या काळ्या मेंढ्याला कातर लावीन.

इलेक्शनच्या तोंडावर खबर आली, दोन्ही सरकारं बोलणी करणार. केरबाच्या बायकोनं, सुगंधाबाईनं, घर सारवून काढलं. तेवढ्यात सरकारी पक्षाची जीप दारात. केरबाला फेटा बांधून स्टेजवर बसवलं. मतांच्या भ्यानं पुढारी उलटाच गरजला, "बघा ह्या बापाचं दुःख! अशा दुश्मनाशी बोलणी नाय म्हणजे नाय!" मैदान टाळ्यांनी दणाणलं. धनगराच्या बैठकीत मानाच्या जागी बसलेल्यानं चौघांच्या हो ला हो द्यायचं, ही केरबाची जन्माची सवय. त्यानंही टाळ्या वाजवल्या. लई जोरात वाजवल्या हो, भोळ्यानं!

बोलणी मोडली. शेजारच्या कारभारी मास्तरानं मग समजावलं, "केरबा, त्या बोलण्यांतच आपला बन्सी सुटणार होता रे." केरबा दोन दिवस जेवला नाही.

बरं, त्या इलेक्शनला दुसरा पक्ष आला. त्यानं बोलणी काढली, तर पहिला ओरडला, "दुश्मनाचे मिंधे!" झालं, ह्यांचीही टरकली न् बोलणी परत मोडली. मुडदा बशिवला तुमच्या खुर्चीचा! रविवारी हर्सूल जेलच्या फाटकाशी भेटीला बसलेल्या बाया दिसल्या, की केरबाला त्यांचा हेवा वाटे. त्यांचं माणूस निदान ह्या समोरच्या भिंतीच्या आत तरी होतं.

पाच वर्षं गेली. मेंढ्याची लोकर भुईला टेकली, पावसात भिजली की त्याला उठवत नसे. परत इलेक्शन आलं, परत जीप आली. "चला केरबाबुवा, स्टेजवर बसायचंय."

केरबानं आतून कातर आणली आणि मेंढ्याला आडवं पाडलं. सुगंधाबाई धावली, "अवं, नवस! पोरगं आलं नाय अजून!"

"ह्याचा जीव चाललाय गं," केरबा मान वर न करता म्हणाला. "हे तरी सुटू दे."

सुगंधाबाईनं तिथंच लोकरीत बसून हंबरडा फोडला. जीपवाले जरा ताटकळले, मग निघाले. सभेला त्यांना दुसरा बाप शोधायचा होता.