बिनखांबाचा मांडव

नदीकाठी दहाव्याला येणाऱ्या माणसांना ऊन लागू नये म्हणून मी बांबूचा एक हलका मांडव उभारला होता. चिरलेले बांबू वाकवून केलेल्या कमानी आणि वर पांढरं कापड. नदीला पाणी चढण्याआधी सगळा सुटा करून नेता येईल असा. मध्ये एकही खांब नाही, याचं मला फार अप्रूप होतं.

त्या सकाळी एक वृद्ध गृहस्थ मांडवात आले. त्यांचा थोरला मुलगा गेला होता, धाकटा पिंडांपाशी बसला होता. त्यांनी चहूकडे पाहिलं आणि सुनेला विचारलं, "टेकायला खांब नाही का गं कुठे?"

मी वाऱ्याचा विचार केला होता, कापडाच्या वजनाचा केला होता. दुःखात माणसाची पाठ आधी थकते, हे कुठल्या नकाशात येतं?

ती सून गेलेल्याची बायको. सासऱ्यांसमोर ती आजवर खुर्चीतसुद्धा बसली नसेल. तिने त्यांना सतरंजीवर बसवलं, मागे जाऊन त्यांच्या पाठीला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "टेका, आबा."

ते अवघडले. मग हळूच टेकले.

वर माझ्या कमानी उभ्या होत्या. कमानीच्या दोन बाजू एकमेकींवर कलतात, म्हणून तर ती उभी राहते. उतरवताना एकच बाजू आधी सोडवून चालत नाही, दोन्ही एकदम सोडवाव्या लागतात.

विधी आटोपला. तिने न वळताच हात मागे नेला, आबांचा हात धरला, आणि दोघं एकदमच उठली.