रेघ मारणारे काका

गोडदेव गावात हार्मोनियम दुरुस्त करणारे एक काका आहेत. माझं मैफलीचं परीक्षण पेपरात आलं की ते पेन्सिल घेऊन वाचायचे आणि पटलं नाही तिथं खाली रेघ मारायचे. भेटलो की पेटीतून मान वर न काढता म्हणायचे, "तबला उतरला होता. तुमी लिवलं न्हाय."

यंदा पेपरानं परीक्षणांचं सदर बंद केलं. मग मी एका मैफलीच्या परीक्षणाचा तीस सेकंदांचा व्हिडिओ केला आणि काकांना दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला. "यात रेघ मारायला जागाच न्हाय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर फळा टांगलेला होता. "कालची मैफल लिवा," म्हणत त्यांनी खडू पुढे केला. मी लिहिलं.

संध्याकाळी पाहतो तर तिसऱ्या ओळीखाली रेघ. मला हायसं वाटलं.